लेकरांच्या चालीने

लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते, तेव्हा येशू बेथानीला पोचला. लाजराच्या दोन्ही बहिणी त्याला वेगवेगळ्या वेळी भेटल्या आणि दोघीही एकच वाक्य बोलल्या: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्था तो येतोय असं कळताच गावाबाहेर त्याला सामोरी गेली. तिच्याशी तो बोलला. पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, हे सगळ्या शुभवर्तमानातलं केवढं मोठं बोलणं त्याने तिथे रस्त्यावर उभं राहून तिला ऐकवलं आणि वर विचारलं, तू हे खरं मानतेस का? मरीया मागून आली, त्याच्या पाया पडली, तेच वाक्य बोलली. तिला त्याने काहीही समजावलं नाही. त्याला कुठे ठेवलंय एवढं विचारलं, आणि तो रडला.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या या अकराव्या अध्यायावर मी लहानपणापासून उपदेश ऐकत आले. भर लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर आला यावर असतो, आणि तो तिथेच असायला हवा. पण तीन लेकरांची आई झाल्यापासून माझं मन त्याच्या आधीच्या ओळींपाशी अडकतं. दोघींचं घर एक, दुःख एक, शब्दसुद्धा तेच. तरी मार्थेला बोलणं हवं होतं, मरीयेला कुणीतरी आपल्यासोबत रडायला हवं होतं. दोघींना एकच उत्तर दिलं असतं तर कुणीतरी एक उपाशीच राहिली असती.

आपल्याकडे आईबाप अभिमानाने सांगतात, 'आम्ही सगळ्यांना सारखंच वाढवलं.' नाताळला एकाच ताग्यातलं कापड घेऊन सगळ्यांचे कपडे शिवायचे, एकच मार, एकच माया. यामागचं मन चांगलं आहे, हे मी नाकारत नाही. कुणावर अन्याय होऊ नये ही धडपड त्यात असते. पण कपड्याचं माप प्रत्येकाचं वेगळं घेतो, मग रागावण्याचं आणि जवळ घेण्याचं माप एकच कसं चालेल?

माझं माहेर नवापूरकडचं, सासर अमळनेरचं आणि संसार भुसावळात. सगळं एकाच सुरत-भुसावळ लाईनवर. नवापूर भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली, आणि आज तिकडे कितीतरी पाड्यांवर रविवारी भक्तीला माणसं जमतात. तिथे ख्रिस्ती असणं हे काही नवल नाही. माझ्या वर्गात आम्ही पुष्कळ जणी होतो; दंगेखोर, लाजऱ्या, भांडकुदळ, सगळ्या ख्रिस्तीच. भुसावळात रेल्वेमुळे चर्च जुनी आहेत, पण आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच. अशा ठिकाणी लेकरू नुसतं लेकरू राहत नाही, ते नमुना होतं. त्याने रागाने दार आपटलं की शेजारीण सहज म्हणते, 'तुमच्याकडे तर क्षमा करायला शिकवतात ना?' ती वाईट मनाने म्हणत नाही. पण ते वाक्य लेकराच्या कानावर पडतं, आणि आठ वर्षांच्या पोराला कळतं की आपल्या चिडण्यावर सगळ्या धर्माची अब्रू टांगलेली आहे.

मंडळीतही, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांतही, एक साचा आहे. चांगलं ख्रिस्ती लेकरू म्हणजे संडे स्कूलमध्ये सुवर्णवचन न अडखळता, अध्याय आणि ओवीसकट म्हणणारं. नाताळच्या कार्यक्रमात पुढे उभं राहणारं. घरी पाळकसाहेब आले की डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करणारं. मी स्वतः संडे स्कूलला शिकवते, म्हणून हे माहितीतलं सांगते. वचन पाठ करणं मला फार मोलाचं वाटतं. लहानपणी तोंडी झालेली स्तोत्रं माणसाला दवाखान्याच्या खाटेवर आठवतात. पण ज्याला चारचौघांत उभं राहिलं की घाम फुटतो, त्याच्या मनात वचन नाही असं धरून चालायचं, हे मला मान्य नाही.

माझी तिघं कशी आहेत ते नवापूर स्टेशनवर दिसतं. हे स्टेशन १९६० मध्ये राज्यं वेगळी व्हायच्या आधीचं, त्यामुळे सीमा फलाटावरूनच जाते. एक बाक तर असा की अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलंय, अर्ध्यावर गुजरात. सुट्टीत आजोळी उतरलो की आमची वरात त्या बाकापाशी थांबतेच. धाकटी बरोबर मधोमध बसते, दोन्हीकडे एकेक पाय टाकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगते, 'मी आत्ता दोन राज्यांत आहे!' थोरली उभीच. तिला कळलेलं असतं की तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातमध्ये. मग तिचे प्रश्न सुरू होतात. खिसा इकडे कापला आणि चोर तिकडे पळाला तर पकडायचा कुणी? मधला काही बोलत नाही. तो वाकून बाकाच्या खाली बघतो, ही रेघ फरशीवर पुढे कुठवर जाते ते. मग एकटाच त्या अंदाजाने चालत रुळांच्या बाजूपर्यंत जातो, आणि त्याचे पप्पा मागून हाक मारतात.

बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात एक अभ्यास होता. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोने १९५६ मध्ये न्यू यॉर्कला तो सुरू केला आणि तान्ह्या बाळांपासून पुढे वर्षानुवर्षं त्या मुलांचा माग ठेवला. त्यांना दिसलं की स्वभाव पाळण्यातच दिसायला लागतो. साधारण ४० टक्के मुलं सहज जुळवून घेणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. परीक्षेत आम्ही हे तीन प्रकार लिहून मार्क मिळवले. मला मात्र राहिलेला आकडा जास्त आवडतो. उरलेली ३५ टक्के मुलं या तिन्हींपैकी कुठल्याच खणात बसेनात, आणि त्या दोघांनी ती बळंच बसवली नाहीत. त्यांचं आणखी एक म्हणणं मला पटलं. मुलाचा स्वभाव चांगला की वाईट हा प्रश्नच नसतो. त्या स्वभावाचा आणि घराच्या अपेक्षांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच ठरतं. अवघड म्हटलेलं लेकरू दुसऱ्या घरात कदाचित अवघड ठरलंच नसतं.

स्वभाव स्वीकारायचा म्हणजे सगळंच चालवून घ्यायचं का, असं मला पालकसभेत विचारतात. नाही. लाजाळूपणा हा दोष नाही, खोटं बोलणं हा दोष आहे. प्रश्न विचारणं हा दोष नाही, धाकट्या भावाला सगळ्यांसमोर बावळट म्हणणं हा दोष आहे, मग ते कितीही हुशारीने म्हटलेलं असो. पाप आणि स्वभाव यांतला फरक आईबापाने नीट पाहायला हवा, कारण एकीकडे चुकलं तर लेकरू बिघडतं आणि दुसरीकडे चुकलं तर लेकरू देवाने घडवलेल्या आपल्या मूळ रूपाचीच लाज बाळगायला लागतं. हे दुसरं बिघडणं लवकर दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

आणि दोष एकच असला तरी औषध एक नसतं. मधल्यावर आवाज चढवला की तो दोन दिवस मिटून जातो, आणि कशासाठी रागावलो ते बाजूलाच राहतं. त्याला शेजारी बसून हळू सांगावं लागतं. धाकटीला हळू सांगितलेलं ऐकूच येत नाही. तिला नाव घेऊन, डोळ्यांत बघून, एकदाच ठणकावून सांगायचं, पाच मिनिटांनी ती गळ्यात पडते. थोरलीला कारण द्यावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं.

इथे बायबलच्या नीतिसूत्रांतली छडी हटकून पुढे येते. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी. हे वचन आहे, ते मी टाळत नाही. पण काठी तेविसाव्या स्तोत्रातही आहे, आणि तिथे तिच्यामुळे धीर येतो. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी निघतात, पीक निघालेल्या रानात त्यांचे मुक्काम पडतात. त्यांच्या हातात काठी कायम असते. मी त्यांना ती मेंढरांवर धपाधप चालवताना पाहिलेलं नाही. तिने कळप वळवतात, काट्यातली फांदी बाजूला करतात, उंचावरचा पाला खाली ओढून देतात. नुकतं जन्मलेलं कोकरू चालवतच नाहीत, ते घोड्यावरच्या बोचक्यात असतं.

याकोब हा असाच मेंढरांमागचा माणूस. त्याच्या घराकडे पाहिलं की आईबापाच्या आवडीनिवडीने काय होतं ते कळतं. बाप इसहाकाला थोरला एसाव प्रिय, का तर तो शिकार आणून खाऊ घालायचा. आई रिबकेला धाकटा याकोब प्रिय. या दोन प्रेमांच्या ओढाताणीत भाऊ भावाचा वैरी झाला आणि याकोब घरातून पळाला. एवढं सोसलेल्या माणसाने पुढे आपल्या घरात काय केलं? सगळ्या मुलांत एकट्या योसेफाला पायघोळ झगा शिवला. लहानपणी दुखावलेला माणूस बाप झाला की आपोआप शहाणा होतो, असं शास्त्र म्हणत नाही. आजोबांची चूक नातवंडांपर्यंत कशी पोचते हे उत्पत्तीच्या पुस्तकाने काही न लपवता लिहून ठेवलंय.

पण त्याच याकोबाचं एक बोलणं तेहतिसाव्या अध्यायात आहे, ज्यावर मी फारसा उपदेश ऐकलेला नाही. एसाव त्याला भेटतो, समेट होतो, आणि तो म्हणतो, चल, बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, लेकरं सुकुमार आहेत, दुभती मेंढरं-गुरं माझ्यासोबत आहेत, एक दिवस जरी त्यांना जास्त दामटलं तर सगळा कळप मरेल. तू पुढे हो, मी लेकरांच्या चालीने सावकाश येतो. एसावाबरोबर चारशे माणसं होती. त्यांच्या चालीने जाण्याचा मोह कुणालाही झाला असता. आज आमच्या पुढे शेजारच्याचा कोटाला गेलेला मुलगा असतो, मावशीच्या घरचा प्रार्थनावीर असतो, आणि आम्हीही आमच्या कळपाला दामटायला निघतो.

सुझाना वेस्लीचं नाव ख्रिस्ती पालकत्वाच्या प्रत्येक शिबिरात निघतं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन आणि चार्ल्स वेस्लींची ही आई. १९ लेकरं झाली, बरीच तान्हेपणीच गेली. तिच्या शिस्तीचे गोडवे गातात. मुलाची इच्छाशक्ती आधी जिंकून घ्यावी, असं तिचं मत होतं, आणि तिथे माझं मन तिच्यासोबत जात नाही. पण त्याच बाईने १७१२ मध्ये नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात दुसरंही काही सांगितलंय. रोज संध्याकाळी ती एकेका लेकराशी वेगळं बसून बोलायची. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. पुढे १७३२ मध्ये जॉन ऑक्सफर्डला होता, मोठा झालेला, विद्वान. त्याने आईला लिहिलं की गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडासा वेळ मला पुन्हा देता आला तर बरं होईल. शिस्तीची आठवण त्याने काढली नाही असं नाही, पण मागितला तो गुरुवार.

आमच्या घरी वार ठरलेले नाहीत. थोरली रात्री भांडी पुसताना बोलते, ओटा आवरून झाला की मोठे प्रश्न निघतात. धाकटी वेणी घालताना. मधल्याला घेऊन दूध आणायला चालत जावं लागतं, आणि जाताना काही निघत नाही, परत येताना निघतं. रस्ता लांबचा घ्यायचा, एवढंच.

त्याच्याविषयी मंडळीत काळजी होती. एवढा मोठा झाला, घरच्या प्रार्थनेतही तोंड उघडत नाही. सासूबाई शेवटच्या आजारात आमच्याकडे होत्या. मे महिन्यातलं भुसावळ, कूलरसमोरही भिंती तापलेल्या. मंडळीतली माणसं यायची, खाटेभोवती उभी राहून प्रार्थना करायची, गीत म्हणायची. त्यांचा आम्हाला खरोखर आधार होता. एका दुपारी सगळे गेल्यावर मी आत डोकावले, तर हा खाली बसलेला. टोपल्यात कोमट पाणी, आजीचे पाय त्यात. आयुष्यभर शेतात अनवाणी राबलेले ते पाय, टाचा भेगाळलेल्या, नखं जाड आणि पिवळी झालेली, नेलकटरला दाद न देणारी. तो एकेक नख भिजवून, थोडं थोडं करून कापत होता. करंगळीचं वाकडं नख मांसात रुतलेलं, तिथे थांबून तो आजीच्या तोंडाकडे बघायचा, दुखतंय का, आणि मगच पुढे. नखांचे तुकडे पेपरावर नीट गोळा केलेले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, 'पोऱ्या बोलस नही, पन समदं ऐकस.' नंतर कुणी मला त्याच्या प्रार्थनेबद्दल विचारलं की मी ही दुपार सांगते. वल्हांडण सणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुणारा आपला प्रभूच होता, हे मंडळीला वेगळं सांगावं लागत नाही.

साच्यात न बसणाऱ्या लेकराबद्दल आपण निदान काळजी तरी करतो. साच्यात फिट्ट बसणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. धाकटी गाते छान, बोलते छान, वचनं पटापट पाठ. मंडळी तिला डोक्यावर घेते. मला तिचीच चिंता जास्त. टाळ्या मिळतात तोवर देव आपल्यावर खूश आहे, असं तिच्या मनात बसलं तर ज्या दिवशी आवाज बसेल त्या दिवशी ती काय करेल? उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ असाच होता, कधी आज्ञा मोडली नाही, आणि बापाचं मन त्याला ठाऊकच नव्हतं. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला, हे आपण विसरतो. म्हणून धाकटी हरते, चुकते, कंटाळून संडे स्कूलला दांडी मारायचं म्हणते, तेव्हा मी तिला मुद्दाम जास्त जवळ घेते.

आणि थोरली. देवाच्या सांगण्यावरून मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाची गोष्ट वाचताना तिने विचारलं, 'आई, बापाने सुरा उचलला तेव्हा इसहाकाला कुणी विचारलं का? आणि नंतर तो बापाशी बोलला का?' बाविसाव्या अध्यायात डोंगरावरून परत आलेला म्हणून नाव फक्त अब्राहामाचं येतं, हेही तिनेच बोट ठेवून दाखवलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो अध्याय आम्ही दोघींनी पुन्हा सावकाश वाचला आणि तिच्या वहीत प्रश्न तसाच राहिला. अशा लेकराला अविश्वासू म्हणणं सोपं आहे. येशूच्या जखमा बघितल्याशिवाय तो जिवंत झाल्याचं मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला शिष्यांनी म्हटलंही असेल. पण येशू आठ दिवसांनी आला तो थोमाला हवा होता तोच पुरावा हातावर घेऊन.

आमच्या मंडळीत लहानपणी फक्त समर्पण होतं, म्हणजे बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवतात. बाप्तिस्मा स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावर. थोरलीच्या बरोबरीच्या सगळ्यांचा झाला. ती म्हणते, 'मी अजून तयार नाही. तयार नसताना हो म्हटलं तर ते खोटं होईल.' इकडे धाकटीने हात वर केलाय, तिला याच वर्षी हवा. मैत्रिणीच्या बाप्तिस्म्याला हार, फोटो, केक असं सगळं तिने पाहिलंय. दोघींच्या बाबतीत आमच्या तोंडी एकच शब्द आहे, थांबू या. थोरलीला तो ऐकून मोकळं वाटतं, धाकटी रुसून बसते. धाकटीला मी सांगते की देव कुठे जात नाही, आणि केक आपण घरीही आणू. थोरलीसाठी मी रात्री उठून प्रार्थना करते, आणि ती काळजी मी लपवत नाही. तिलाही ती ठाऊक आहे.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आजही आमच्या मंडळीत पेटी-तबल्यावर होतात, त्याच भक्तीत ज्यात परदेशी चालीची गीतंही होतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर त्या पाण्यात उतरल्या नाहीत. नातेवाइकांत राहिल्या, रडल्या, भांडल्या, परत नवऱ्याकडे आल्या, आणि काही वर्षांनी आपल्याच विचाराने, आपल्याच वेळी विश्वासात आल्या. टिळकांची घाई त्यांच्या कामी आली नसती. येशूचा शिष्य पेत्र याने दुसरा शिष्य योहान याच्याकडे बोट करून विचारलं होतं, प्रभू, याचं काय? तेव्हा येशू म्हणाला, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. मी आई आहे, 'मला काय त्याचं' असं म्हणणं मला जमणार नाही. पण हिच्या वाटेचं वेळापत्रक माझ्याकडे दिलेलं नाही, एवढं त्यातून मला उमगतं.

परवा भक्ती सुटल्यावर पाळकसाहेब दारात थांबले. पुढच्या महिन्यात बाप्तिस्म्याचा वर्ग सुरू होतोय, यादी करताहेत. फार प्रेमळ माणूस, थोरलीला त्यांनी लहानपणी खांद्यावर खेळवलंय. म्हणाले, 'ताई, मग तिचं नाव लिहू की नको?' ती चार पावलांवर मैत्रिणींशी बोलत उभी होती.

मी म्हटलं, 'साहेब, तिलाच विचारा. आणि ती उलट काही विचारेल, तर वेळ काढून बसा तिच्यापाशी.'